घर पाहावें उन्हांत

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर हें बांधावयाचेंच असे. मुरूम कोणत्या खाणींतला, तुळईचें सागवान कोठलें, गवंडी किती दिवस रुसून बसला, हें सारें घरधन्यास तोंडपाठ असे. त्यामुळें राहावयास जाण्यापूर्वींच घराच्या उणिवा त्याच्या परिचयाच्या झालेल्या असत. आतां मध्यम स्थितींतील गृहस्थ घर बांधीत नाहीं, तयार घेतो. म्हणींतला ‘बांधून’ हा शब्द गेला आणि ‘पाहावें’ तेवढें उरलें. आणि हें पाहणेंच आपल्या लोकांस नीटसें साधत नाहीं, असें गेल्या दोन वर्षांत जळगांव व धुळें या दोन गांवीं तीस-पस्तीस घरें पाहिल्यावर आमचें मत झालें आहे.

मौज अशी कीं, पाहण्याची विद्या आमच्या समाजांत नव्हती असें मुळींच नाहीं. आमच्या आज्यांच्या काळीं मुलगी पाहावयास गेलेली वडील मंडळी काय काय करीत, हें वाचकांस सांगावयास नको. तिला चालून दाखवावयास लावीत, वेणी सोडावयास सांगत, सुईंत दोरा ओवून घेत, चार ओळी वाचावयास देत, आणि इतकें करून ‘मागाहून कळवूं’ म्हणून पोह्यांच्या बशा रिकाम्या करून निघून जात. जिला मन आहे, जी लाजेनें अर्धमेली झालेली आहे, तिच्यापुढें ही निर्भीडता! आणि ज्याला मन नाहीं, पण ज्याच्यांत जन्मभराची पुंजी ओतावयाची आहे, त्या विटा-सिमेंटाच्या घरापुढें मात्र आम्ही लाजतों. नळ सोडून पाहिला तर मालकीणबाईंस काय वाटेल, मोरीचें दार उघडलें तर अशिष्टपणा होईल, गृहस्थानें सरबत दिलें आहे तेव्हां किंमतीचा विषय लगेच कसा काढावा! भीड ही भिकेची बहीण, हें आपण मुलांना शिकवितों आणि घर पाहावयास जातांना तिलाच बरोबर घेऊन जातों.

आमच्यावर ही पाळी कां आली तें थोडक्यांत सांगतों. आमचें मूळ घर धुळ्याचें. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें धुळें हें जिल्ह्याचें मुख्य ठाणें ठरविलें आणि तेथें सरळ रस्त्यांची नवी पेठ वसविली. त्या पेठेंतल्या गल्ल्यांस अजूनही नांवांऐवजीं क्रमांकांनींच ओळखतात. तसल्याच एका क्रमांकाच्या गल्लींत आमचें धाब्याचें घर होतें. चार भावांच्या वारसांत त्याचे इतके वांटे झाले कीं, अखेर तें विकून पैसे वांटून घेण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. आमच्या वांट्याची रक्कम आणि नोकरींतून निवृत्त होतांना हातीं आलेला फंड, एवढेंच आमचें भांडवल. यांतून एकच घर होणार, दुसरें होणें नाहीं. बरोबर ८४ वर्षांच्या मातोश्री. गुडघ्यांनीं त्यांच्याशीं असहकार पुकारलेला. नोकरीमुळें आमचें बिऱ्हाड जळगांवास, सारे आप्त धुळ्यास, आणि मध्यें पारोळें-एरंडोलावरून जाणारा सुमारें ९० किलोमीटरांचा रस्ता. म्हणून दोन्ही गांवचीं घरें पाहिलीं.

अमेरिकेंत घर विकावयाचें असलें कीं, आदित्यवारीं दुपारीं दोनतीन तास तें कोणासही खुलें ठेवण्याची चाल आहे. आगाऊ वेळ ठरवावी लागत नाहीं. दारावर पाटी लागलेली असते, ज्यास वाटेल त्यानें आंत जावें. तिकडे राहणारी आमची भाची सांगते कीं, त्या दिवशीं घरांतले सर्व दिवे लावितात, फुलें मांडतात, कोणी तर भट्टींत नुकतीच केकची आहुती दिली असावी असा वासही दरवळवितात. आपल्याकडे राहतें घर असें उघडें टाकीत नाहींत; पण नव्या वसाहती बांधणारे मात्र पाडव्यास, दसऱ्यास आणि आखाजीस मांडव घालतात, सनई लावितात आणि एक सदनिका नमुन्यादाखल सजवून सर्वांस खुली करितात. साडेतीन मुहूर्तांपैकीं हे तीन पूर्ण मुहूर्त त्यांनीं बरोबर हेरलेले आहेत. त्यांतही अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी, हा खानदेशांतला मोठा सण. लेकी माहेरीं आलेल्या, झाडांना झोके टांगलेले, घरोघरीं पुरणाचा स्वयंपाक. सारें कुटुंब एकत्र आणि उल्हसित. अशा दिवशीं घर दाखविणारास गिऱ्हाईक अर्धें पटलेलेंच मिळतें.

परंतु आखाजी वैशाखांत येते, ही त्या परमेश्वराची खरीदारांवर कृपाच म्हटली पाहिजे. जळगांव-धुळ्याकडे वैशाखांत पारा ४४ अंशांवर जाणें हें नवलाचें नाहीं, आणि घराची परीक्षा घेण्यास याहून चांगला काळ पंचांगांत सांपडावयाचा नाहीं. गेल्या आखाजीस जळगांवांतील एका नव्या वसाहतींत आम्ही मातोश्रींसह दुपारीं गेलों. बाहेर डांबर मऊ झालेलें. नमुन्याच्या सदनिकेंत पाय ठेवतांच काश्मीरच! मंडळी ‘वा! किती थंड!’ म्हणूं लागली. दाखविणारा तरुण मोठा गोड बोलणारा होता. त्यानें मातोश्रींस खुर्ची दिली, पन्हें दिलें. पन्हें पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, “बाळ, आतां तें थंडीचें यंत्र बंद कर बघूं.” तो हंसला, त्यास ती थट्टा वाटली. पण त्या हलेनात. यंत्र बंद झालें. पंधरा मिनिटांत दिवाणखान्याची पश्चिमेची भिंत बोलूं लागली. तिला हात लावला तर तव्याजवळ नेल्यासारखा वाटे. आमच्याबरोबरचीं आणखी दोन कुटुंबें, जीं कोणता रंग द्यावा याची चर्चा करीत होतीं, तीं मुकाट्यानें उठून पूर्वेकडच्या सदनिका कोणत्या तें विचारूं लागलीं.

उन्हाचा हा विषय जरा विस्तारानें सांगण्यासारखा आहे, कारण नव्या घरांतलीं माणसें सर्वांत अधिक त्यानेंच गांजलेलीं दिसतात. आमच्या धुळ्याच्या घराच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, हातभर जाड. वर कडीपाट आणि त्यावर मातीचें धाबें. दरवर्षीं मृगापूर्वीं धाब्यावर माती पसरून तें सारखें करण्याचा उपद्व्याप असे, आणि तरीही एखाद्या कोपऱ्यांत पातेलें ठेवावें लागेच. जुन्या घराची खोटी आरती ओवाळण्याची आमची इच्छा नाहीं. पण दुपारचें ऊन त्या जाड मातींतून आंत उतरेउतरेपर्यंत रात्र होई आणि तोंवर बाहेरची हवा निवलेली असे. आजची स्लॅब चारपांच इंच जाडीची. ती दिवसभर तापते आणि दिवस मावळल्यावर सारी उष्णता खालीं सोडूं लागते. म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावरचें घर दुपारीं पाहिलें तेवढ्यानें भागत नाहीं. रात्रीं नऊ वाजतां पुन्हां जावें, दिवा न लावतां पांच मिनिटें आंत उभें राहावें. छत तुमच्या डोक्यावर निखाऱ्यासारखें वाटलें तर ऊठसूट विजेचें बिल भरण्याची तयारी ठेवावी, किंवा तें घर सोडावें.

दुसरें असें कीं, आमची हवा कोरडी असल्यामुळें पाण्याचा कूलर येथें उत्तम चालतो, आणि बहुतेक घरांचा उन्हाळा त्याच्याच भरंवशावर निघतो. पण कूलरची हवा आंत येण्यास जशी वाट हवी तशी ती बाहेर जाण्यासही हवी. एकच खिडकी असलेल्या खोलींत कूलर लाविला तर तासाभरांत खोली थंड होण्याऐवजीं दमट होते, अंथरुणें चिकट होतात. घर पाहतांना प्रत्येक खोलींत ‘कूलर कोठें बसेल आणि त्याची हवा कोठून निघेल’ एवढें मनाशीं योजून पाहिलें तर नकाशा काढणाराची अक्कल चटकन उमगते. पुण्यामुंबईच्या नकाशांवरून जशींच्या तशीं उतरविलेलीं घरें येथें पुष्कळ आहेत. तीं या एका प्रश्नावर हटकून नापास होतात.

नमुन्याच्या सदनिकेंत जातांना पिशवींत मोजपट्टी असूं द्यावी. तेथला पलंग माणसाच्या मापाचा नसून पुष्कळदां खोलीच्या मापाचा असतो. आमच्या उंच्यापुऱ्या चिरंजीवांनीं एकावर अंग टाकलें तों पावलें बाहेर लोंबूं लागलीं. आंतल्या खोल्यांना दारें बसविलेलीं नसतात, म्हणजे दार उघडण्यास जागा लागते हें कळूंच नये. एके ठिकाणीं तोंडी ११०० चौरस फूट म्हणून सांगितलेली जागा कागदावर ७६० निघाली. यांत लबाडी किती आणि रूढी किती हें सांगणें कठीण. जिना, लिफ्ट, भिंती सारें मोजून आंकडा फुगविण्याची जुनी संवय आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें आतां कार्पेट म्हणजे आंतलें प्रत्यक्ष वापराचें क्षेत्रच सांगितलें पाहिजे असें ठरवून दिलें आहे. त्यांत बाहेरच्या भिंती व गॅलरी धरीत नाहींत, आंतल्या भिंती धरतात. त्याच कायद्याच्या १२ व्या कलमाची माहिती आमच्या वाचकांपैकीं थोड्यांस असेल. जाहिरात किंवा नमुन्याची सदनिका पाहून कोणी पैसे भरले आणि ती माहिती खोटी ठरून त्याचें नुकसान झालें, तर तें भरून मागण्याचा हक्क या कलमानें दिला आहे. तेव्हां नमुन्याच्या घरांत फिरतांना छायाचित्रें घ्यावीं, तीं स्वतःचीं हंसरीं मुखें टिपण्यासाठीं नव्हेत तर फरशी, नळ, खिडक्या यांचीं. आणि यांतलें काय काय प्रत्यक्षांत मिळणार तें लिहून मागावें. नोंदलेला करारनामा होण्यापूर्वीं किंमतीच्या दहा टक्क्यांपेक्षां अधिक रक्कम घेण्यास त्यांस मनाई आहे, हेंही ध्यानांत असावें.

मात्र ५०० चौरस मीटरांपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठांपर्यंत घरांच्या योजनेस महारेराकडे नोंद करावी लागत नाहीं; आणि आमच्याकडे सहा-सहा जोडघरांच्या लहान योजना उदंड. तेथें सातबारा, बिनशेतीचा हुकूम, मंजूर नकाशा, भोगवट्याचा दाखला हें सारें आपलें आपणच मागावें, व मालकीचा शोध वकिलाकडून घ्यावा. हे कागद आम्ही दारांतच मागत असूं. कित्येक ठिकाणीं ते मिळत; कित्येक ठिकाणीं ‘आज सणाचे दिवशीं कागद कशाला?’ असें उत्तर मिळे. मग आम्ही पन्हें न घेतांच परत फिरत असूं.

खानदेशची काळी जमीन कापसाला माय आहे, घराला मात्र सावत्र आई. पावसांत ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते; शेतांतल्या त्या भेगांत हात जाईल इतक्या त्या रुंद होतात. पाया या मातींतून खालीं कठीण मुरुमापर्यंत नेलेला नसला तर घरही तिच्याबरोबर श्वासोच्छ्वास करूं लागतें. गांवाबाहेर शेतें मोडून झालेल्या वसाहतींत बंगले पाहतांना आम्ही प्रथम खिडक्यांचे कोपरे पाहतों. तेथून तिरका तडा निघालेला असला, दार चौकटींत घासत असलें, किंवा भिंतीलगतची फरशी खचून तिच्यावरचा पट्टा वर राहिला असला, तर मालकास पाया किती खोल नेला तें विचारावें. साध्या गिलाव्याला केसाएवढ्या भेगा पडतात, त्यांचें एवढें भय नाहीं. सारें घर जुन्या रंगाचें आणि एकच कोपरा ताज्या रंगाचा, हें मात्र भय धरण्याजोगें. एका घरीं तसल्या कोपऱ्यांत नेमकें मोठें कपाट उभें होतें. आम्हीं तें सरकविण्याची परवानगी मागितली. यजमान क्षणभर गप्प राहिले, आणि मग ‘जड आहे हो’ एवढेंच म्हणाले.

पाण्याबद्दल प्रत्येकजण विचारतो, पण ‘पाणी आहे ना?’ असें विचारतो, आणि उत्तर ‘भरपूर!’ असें येतें. जळगांवास वाघूर धरणाचें पाणी, धुळ्यास तापीचें व तलावांचें. धरणांत पाणी असलें म्हणजे तें नळांत रोज येतें असें नव्हे. विचारावें तें असें: नळाचें पाणी किती दिवसांआड येतें, किती वाजतां, किती वेळ; जमिनीखालची टांकी किती लिटरांची; कूपनलिकेचें पाणी चैत्रांतही वर येतें कीं दिवाळींतच; मागच्या उन्हाळ्यांत टँकर किती आले. आणि हें मालकास न विचारतां पहारेकऱ्यास व तळमजल्यावरच्या बाईंस विचारावें. नळाच्या तोटीवरचे पांढरे खडे तर न विचारतांही सांगतात कीं, पाणी जड आहे, डाळ शिजावयाची नाहीं.

धुळ्यास देवपुरांत पाहिलेल्या एका राहत्या घराची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. यजमान निवृत्त शिक्षक, घर स्वच्छ, देव्हाऱ्यांत समई. आमची जुनी ओळखही निघाली. अशा घरांत पाहणी करावयाची म्हणजे जिवावर येतें. पण आमच्या सौभाग्यवतींनीं एक युक्ति केली. त्या सरळ स्वयंपाकघरांत गेल्या आणि मालकीणबाईंस म्हणाल्या, “ताई, तुम्ही येथें बावीस वर्षें स्वयंपाक केलांत. मला या ओट्यापाशीं काय जड जाईल तेवढें सांगा.” झालें! नवऱ्यांनीं बैठकींत तासभर घालवून जें कळलें नसतें तें दहा मिनिटांत कळलें. ओटा बुटका, सकाळचें ऊन नेमकें गॅसवर, भांड्यांची मोरी आंत तुंबते. आणि मुख्य म्हणजे गच्चीची किल्ली वरच्या मजल्यावाल्यांकडे. ते ती देत नाहींत. पापड, कुरडया, ज्वारीच्या बिबड्या, लोणच्याच्या बरण्या, यांचें वैशाखांतलें सारें वाळवण त्या माउलीनें बावीस वर्षें गॅलरींत वर्तमानपत्रावर उरकलें होतें. बैठकींत यजमान आम्हांस गच्ची सर्वांची सामाईक आहे म्हणून सांगत होते, आणि तें कायद्यानें खरेंही होतें!

त्या दिवसापासून आम्हीं नियमच केला कीं, बायकांनीं बायकांशीं बोलल्यावांचून घर पाहिलें असें समजावयाचें नाहीं. आणि खुल्या दिवशीं गर्दी असते म्हणून कंटाळूं नये. दुसऱ्यांनीं विचारलेले प्रश्न आपल्यास फुकट मिळतात. जिन्यावर अर्धा तास उभें राहिलें तर वर जाणारे काय बोलतात आणि उतरणारे काय बोलतात, यांतला फरकच पुष्कळ सांगून जातो. शिवाय त्याच इमारतींतले जुने राहणारे कुतूहलानें डोकावत असतात; त्यांच्याशीं दोन शब्द बोलावे. पांझरेच्या बाजूच्या एका घराचा पूर कोणत्या पायरीपर्यंत येतो, हें आम्हांस तसल्याच एका आजोबांनीं काठीनें दाखविलें.

‘आजचा मुहूर्त साधा, आज विसार दिलात तर एवढे कमी करूं’ हें वाक्य आम्हीं इतक्या वेळां ऐकलें कीं, शेवटीं मातोश्रींनींच त्याचा निकाल लाविला. सोंवळेंओंवळें, पंचांग, राहुकाल सर्व कांटेकोर पाळणाऱ्या त्या बाई, एका मांडवांत त्या तरुणास म्हणाल्या, “मुहूर्त वास्तुशांतीचा पाहतात रे. पैसे मोजावयाला बुधवार बरा, घाई नसते.”

शेवटीं जळगांवांतच महाबळ भागांत तळमजल्यावरचें, बारा वर्षांचें जुनें घर आमच्या मनास आलें. तें आम्हीं वैशाखांत दुपारीं तीन वाजतां पाहिलें, रात्रीं पाहिलें, नळाच्या दिवशीं पहांटे पाहिलें. विसार देण्याचें मात्र पहिला मोठा पाऊस पडेपर्यंत लांबविलें. मालक म्हणाले, तोंवर दुसरें गिऱ्हाईक आलें तर माझा नाइलाज आहे. आम्हीं तें मान्य केलें. दोन गिऱ्हाइकें आलींही. दोन्हीं वेळां आमच्या घरीं रात्रीं जेवण उतरलें नाहीं. आषाढांत एक दिवस धो धो पाऊस झाला, तशी छत्र्या घेऊन आम्ही गेलों. छत कोरडें, खिडक्या कोरड्या. आम्हांस कोठें कांहीं दिसेना. तेव्हां मालकांनीं स्वतःच न्हाणीघरामागच्या भिंतीशीं नेऊन हातानें दाखविलें, “येथें दर पावसाळ्यांत ओल येते. तुम्ही इतक्या वेळां आलांत, म्हणून लपवावेंसें वाटलें नाहीं.” दुरुस्तीचा खर्च त्यांनीं किंमतींतून वजा केला. विसार पुढच्या बुधवारीं दिला, आणि करारनाम्याच्या मसुद्यांत गच्चीच्या किल्लीचें कलम सौभाग्यवतींनीं वकिलांसमोर बसून घालून घेतलें.